अस्वलाने मध देऊन घेतलेलं भरगच्च गाणं

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक अस्वल राहत असे. अंगाने धिप्पाड, पण गाणं कानावर पडलं की अगदी लोणी. ओढ्यातल्या खडकावर एक म्हातारा कस्तूर पक्षी वर्षातले थोडे दिवस पहाटे शीळ घालायला यायचा आणि मग डोंगरापलीकडे निघून जायचा. पण मुलांनो, त्या जंगलाची एक रीत होती. कस्तूर गात असताना साळुंकी जवळच्या फांदीवर बसून ते गाणं गळ्यात उतरवून घ्यायची आणि उरलेलं वर्ष ज्याला हवं त्याच्या दारात जाऊन म्हणायची. तिला ओंजळभर मोहाची फुलं दिली की झालं. कस्तूर गावो की साळुंकी, अस्वल डोळे मिटून डुलायचं. शीळ वर चढता चढता मध्येच जरा थबकायची, त्या जागेला ते हमखास "वा!" म्हणायचं आणि मग घोरायला लागायचं. असं त्याचं छान चाललं होतं.

आता दुसऱ्याचं छान चाललेलं कोल्ह्याला कुठलं बघवतंय. एक दिवस तो गुहेच्या तोंडाशी येऊन बसला आणि म्हणाला, "अस्वलदादा, तुमच्यासारख्या कानसेनाने हे अर्धंमुर्धं गाणं ऐकायचं? कस्तुराच्या शिळेत किती बारीक बारीक सूर असतात. साळुंकीच्या गळ्यात ते मावत नाहीत, म्हणून ती गाळून टाकते. माझ्या ओळखीचा एक भृंगराज पक्षी आहे. तो एकही सूर सोडत नाही. अख्खं भरगच्च गाणं म्हणतो."

"मला तर कधी काही कमी वाटलं नाही," अस्वल म्हणालं.

"वाटणार कसं? भरगच्च ऐकलंयत कुठे तुम्ही? अर्थात ते सगळ्यांना कळत नाही. त्या डबक्यातल्या रेड्याला काय कळणार. तुम्हाला कळेल."

झालं. त्या एका वाक्याने अस्वल पाघळलं. कड्यावरचं मधाचं पोळं त्याने अडीअडचणीसाठी राखून ठेवलं होतं, ते त्याने कोल्ह्याला देऊन टाकलं आणि साळुंकीला सांगितलं, "तू उद्यापासून येऊ नकोस." बिचारी उडून गेली.

भृंगराज आला, गायला. अस्वलाने कान टवकारले. काही वेगळं आहे का? असावं. नाही, कालच्यासारखंच आहे. पण कालच्यासारखंच म्हणावं तर आपण आणि रेडा सारखेच ठरलो! "वा, काय फरक आहे," ते मोठ्याने म्हणालं आणि रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलं. दुसऱ्या दिवशी कोल्हा म्हणाला, गुहेत पालापाचोळा असला की बारीक सूर त्यातच अडकतात. अस्वलाने आपलं मऊ अंथरूण बाहेर फेकलं. मग तो म्हणाला, पोट भरलेलं असलं की कान जड होतात. अस्वलाने जेवण अर्धं केलं. अंग वाळत चाललं, डोळे खोल गेले, तरी कान आपले टवकारलेलेच. थबकायची ती जागा रोज येऊन जायची, पण आता तिला "वा!" म्हणायचं त्याच्या ध्यानातच राहत नसे.

गुहेच्या छताला एक वटवाघूळ लटकायचं. रोजच्या या उठबशीने त्याचीही झोप मोडत होती. एका संध्याकाळी ते वैतागून म्हणालं, "दादा, भिंतीकडे तोंड कर. साळुंकीलाही बोलावू या. दोघं आळीपाळीने गातील. भरगच्च कुठलं, ते तू सांग."

अस्वलाने सांगितलं, तेही छातीठोकपणे. निम्म्या वेळा चुकलं. पुन्हा ऐकलं, पुन्हा तेच.

"कोल्हा खोटं बोलत नाही," वटवाघूळ म्हणालं. "बारीक सूर असतात. मला ऐकू येतात. डास गुणगुणावेत तसे लागतात, ऐकण्यासारखं त्यांत काही नाही. अस्वलांना तेवढे कान दिलेलेच नाहीत, दादा. त्यात कमीपणा कसला?"

अस्वलाला ते फार लागलं. मध गेला, अंथरूण गेलं, आणि आता हे वर. ते मनाशी म्हणालं, नकलांचं सोडा, खुद्द कस्तूर आला की बघतोच. त्याच्या तोंडून बारीक सूर ऐकू येणार म्हणजे येणारच.

कस्तूर आला. पण यंदा त्याचे पंख थकले होते. खडकावर बसून तो म्हणाला, "मंडळी, आता पुन्हा डोंगर ओलांडून येणं जमायचं नाही. आजचं शेवटचं." ओढ्याकाठी सगळं जंगल जमलं. रेडाही आला होता. अस्वल सगळ्यांच्या पुढे, मान ताठ, अंग आखडलेलं. हा बारीक सूर का? छे, हे तर पाणी. मग तो का? तो वारा. असं करता करता आजूबाजूला डोळे पुसण्याची गडबड झाली आणि त्याच्या लक्षात आलं की गाणं संपलं आहे.

"काय दादा," कस्तुराने विचारलं, "तुझी ती 'वा!'ची जागा जमली का यंदा?"

अस्वलाला आठवेना. एवढ्या जवळ बसून त्याने काहीच ऐकलं नव्हतं. मान खाली घालून ते गुहेकडे निघालं, आणि वाटेत त्याला रडू आवरेना.

संध्याकाळी दाराशी फडफड झाली. साळुंकी होती. "दादा, आजचं गळ्यात उतरवलंय," ती म्हणाली. "बारीक सूर तेवढे गळालेत."

"असू दे," अस्वल म्हणालं आणि त्याने डोळे मिटले. शीळ वर चढली, थबकली. "वा!" अस्वल म्हणालं. नंतर साळुंकी बराच वेळ गात राहिली आणि अस्वल दगडावरच गाढ झोपलं.

तात्पर्य : आपल्या कानाला ऐकूच न येणाऱ्या सुरांसाठी जीव टाकू नये, त्या नादात जे ऐकू येत असतं तेही निसटून जातं.