चितेच्या फणसाचे पेले

देवळामागे तो फणसाचा बुंधा दिसतोय ना, त्यावर बसू नका. देवशेतच्या जत्रेत गार पन्ह्याचा पहिला पेला तिथे ठेवतात. पेला लाकडाचा, कातलेला. पितळेचं भांडं इथे पन्ह्याला लावत नाहीत. का, ते ऐका.

पूर्वी, असं सांगतात, पन्हं मानकरी बापू नाईकांच्या घरच्या पितळी पेल्यांत वाढत. पहाटे पेले भरून मांडायचे आणि गावदेवी माउलीची पालखी टेकल्यावरच तोंडाला लावायचे, असा रिवाज. एका चैत्रात पालखी रेंगाळली, पार दुपार झाली. मग जो प्यायला तो ओकून आडवा पडला. खापर फुटलं पन्हं ढवळणाऱ्या आवडाईवर. लाकूड कातून पाळण्याच्या खुंट्या करणाऱ्या कातारी घरातली ही विधवा.

"हिचा हात लागला, माउली कोपली," नाईक म्हणाले. "गाव सोड."

"हात कसले बघता, पेल्यात बघा! कल्हई उडालीय. आंबट कळकलं."

"माझ्या घरची भांडी कळकतील?"

"तुमच्या घरची म्हणून आंबट काय भिऊन राहील त्यांना?"

लोकांनी हसू गिळलं, पण तिच्या बाजूने कुणी बोललं नाही. मी दाखवून देते, म्हणाली. पुढच्या जत्रेपर्यंतची मुदत तिने भांडून घेतली.

तिचं घर इथेच, देवळामागे. अंगणात नवऱ्याने लावलेला फणस होता, तिच्या चितेसाठी राखलेला. तोच तिने तोडला. बाईने पटाशी धरू नये म्हणत, तिने धरली. दोरी ओढून लाकूड फिरवायला धाकटी जाऊ गोदी.

"अक्का, उद्या तुला जाळायचं कशावर?"

"आधी जगू तर दे, बये!"

वर्षभर तिने पेले कातले, सावलीत वाळवले, त्यांना खोबरेल पाजलं. चैत्र आला. पहाटे तिने नाईकांपुढे दोन पेले भरून ठेवले, एक पितळेचा, एक फणसाचा. दुपारी पालखी टेकली.

"उचला नाईक, हवा तो."

पितळेच्या आत हिरवट कड धरली होती. नाईकांचा हात आधी तिकडेच गेला, थांबला, आणि सगळ्या गावादेखत फणसाकडे वळला. पन्हं रांजणातल्यासारखं गार होतं, म्हणे.

"आणखी आहे?"

"आहे. आधी गावाला वाढा, मग घ्या."

नाईकांनी वाढलं. उभ्याने, अख्ख्या गावाला.

पुढे आवडाई गेली तेव्हा प्रत्येक घराने आपल्या झाडाची एकेक फांदी आणली. एवढी उंच चिता या पंचक्रोशीने पुन्हा पाहिली नाही.

आजही जत्रेत नाईकांच्या घरचा कर्ता पुरुष उन्हात उभा राहून पन्हं वाढतो. पहिला पेला या बुंध्यावर, आवडाईचा. शेवटचा त्याचा.