ताटाचा अपराध

दिवेलागण झाली की अरिमर्दन महाराजांना दिसेनासं व्हायचं. दिवसा त्यांना गडावरून पार खालच्या ओढ्यातले बगळे दिसत, पण सूर्य मावळला की हातभर अंतरावरचा खांब दिसत नसे. एका संध्याकाळी ते दरबारातून उठले आणि थेट नगाऱ्यावर जाऊन आदळले.

महाराजांना दिसत नाही, असं म्हणण्याची कुणाची छाती होती? दिवाणजींनी प्रसंग ओळखला, दोन पावलं टाकली आणि तेही नगाऱ्यावर आदळले. पाठोपाठ सेनापती आदळले. खजिनदार जरा लांब होते, ते मुद्दाम चालत आले आणि आदळले. दुसऱ्या दिवसापासून तिन्हीसांजेला सगळा दरबार चाचपडत चालू लागला. राजवैद्यांना खरं कारण ठाऊक होतं, पण त्यांना नोकरीही प्रिय होती. शेवटी एकमताने ठरलं की दिवेच मंद झालेत. दिवे मंद, म्हणजे तेलात भेसळ. महालाला तेल पुरवणाऱ्या म्हाताऱ्या नागोजी तेल्याला कोठडीत टाकण्यात आलं.

नागोजीची सून भिवरा गड चढून दरबारात आली तेव्हा संध्याकाळच होती. दिवे इतके लख्ख जळत होते की दिवाणजींच्या मिशीत अडकलेलं शीतसुद्धा तिला दिसलं. तिने हात जोडून सांगितलं की तेल चोख आहे, घाणा ती स्वतः हाकते.

महाराज संतापले. "तेलाचा दोष नाही म्हणतेस. माझ्या डोळ्यांत तर दोष असूच शकत नाही. मग तिसरा अपराधी आण. उद्या संध्याकाळपर्यंत आणला नाहीस, तर घाणा मोडून टाकीन आणि तुझ्या सासऱ्याला राज्याबाहेर काढीन."

खरं बोलावं तर डोकं जायचं, गप्प बसावं तर घर जायचं. पण एवढ्या लख्ख उजेडातलं महाराजांचं चाचपडणं भिवराने पाहिलं आणि ओळखलं होतं. तिच्या माहेरी दुष्काळाच्या साली हिरवं पान दिसेनासं झालं, तेव्हा पोरं अशीच कातरवेळी ठेचकाळत. पाऊस झाला, पालेभाज्या उगवल्या आणि पोरं पुन्हा अंधारात लपाछपी खेळू लागली. ती तशीच मुदपाकखान्यात गेली आणि महाराज जेवतात काय, ते आचाऱ्याला विचारलं.

आचारी रडकुंडीलाच आला होता. रंगीत अन्न रयतेचं, पांढरं अन्न राजाचं, असं महाराजांच्या मनाने घेतलं होतं. त्यामुळे ताटात सडून पांढराशुभ्र केलेल्या तांदळाचा भात, सोललेला बटाटा आणि साखर, एवढंच. तूप पिवळसर म्हणून बंद, दुधावर पिवळी साय धरते म्हणून दूधही बंद. हल्ली महाराजांच्या हिरड्यांतून रक्त येतं, चार पायऱ्या चढले की धाप लागते, असंही तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी भिवरा महाराजांचं चांदीचं ताट काखेत घेऊन दरबारात उभी राहिली.

"महाराज, अपराधी आणलाय. हे ताट. दिवे उत्तम आहेत, आपले डोळेही उत्तम आहेत. पण डोळ्यांनाही तेल लागतं, आणि ते ह्या ताटाने अडवून धरलंय."

आपले डोळे उत्तम आहेत हे ऐकून महाराज सुखावले. शिक्षा द्यायला तर त्यांना नेहमीच आवडे. त्यांनी ताटाला नागोजीच्या शेजारी कोठडीत बसवलं. मग जेवायचं कशात आणि काय, असा प्रश्न आला. भिवरा म्हणाली, गुण येईपर्यंत माझ्या हातचं जेवावं. शेवग्याच्या पाल्याची तेलात परतलेली भाजी, लाल भोपळा, नाचणीची भाकरी, आवळ्याचं लोणचं.

दिवाणजी कळवळले. "शेवग्याचा पाला? तो तर शेळ्या खातात."

"खातात ना," भिवरा म्हणाली. "शेळी कधी नगाऱ्यावर आदळलेली पाहिलीत?"

महाराजांनी मान डोलावली, आणि गुण आला नाही तर भिवराही राज्याबाहेर जाईल, अशी अट घातली.

पहिल्या घासाला महाराजांनी तोंड वाकडं केलं. हळूहळू भाकरी गोड लागू लागली. हिरड्यांतून रक्त येणं थांबलं. मग बऱ्याच दिवसांनी पायऱ्या चढताना धाप लागेनाशी झाली. भिवरा रोज संध्याकाळी त्यांची पावलं बघे आणि धास्तावून घरी जाई. आणि एके दिवशी दिवेलागणीला महाराज न चाचपडता दरबारात आले, सिंहासनावर बसले आणि म्हणाले, "सेनापती, तुमच्या अंगरख्याचा बंद सुटलाय."

मग दिवाणजी उद्गारले की त्यांनाही दिसतंय. सेनापतींना दिसू लागलं, खजिनदारांना तर दारापर्यंतचं दिसू लागलं.

महाराजांनी भुवया चढवल्या. "भिवरा, पाला मी एकट्याने खाल्ला. मग ह्यांना कसं दिसायला लागलं?"

दिवाणजींचा चेहरा पांढराफटक पडला. भिवराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि नमस्कार केला.

"त्यात नवल काय, महाराज? ह्या मंडळींना स्वतःचे डोळे कुठे आहेत? ती आपल्याच डोळ्यांनी बघतात."

महाराज आधी गोंधळले, मग त्यांना नगाऱ्यावर आदळणारे खजिनदार आठवले आणि ते पोट धरधरून हसले. नागोजी मानाने सुटला. भिवराला गडाखालचा ओलिताचा मळा भाजीपाल्यासाठी इनाम मिळाला. शिवाय दरबारातल्या प्रत्येकाच्या पानात रोज शेवग्याचा पाला वाढण्याचा हुकूम निघाला. कुणीही तोंड वाकडं केलं नाही, कारण महाराज आता बघत होते.