रविवारची पिले

क्षमानंद महाराजांचा मुक्काम त्या वर्षी नगर भागातल्या चिंचखोपा गावी पडला, तेव्हा नाताळ होऊन महिना लोटला होता. अंगात पांढरी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, काखेत वीणा, अशा थाटात महाराज गावोगाव ख्रिस्ताचे कीर्तन करीत फिरत. चिंचखोप्यात पंचवीस-तीस ख्रिस्ती घरे होती. महाराज दर खेपेला उतरायचे ते मात्र रिबका कसबेच्या दोन खोल्यांच्या घरात. तिथे त्यांना भाकरी आणि लसणाची चटणी मिळे. समोर दमयंतीबाई साळव्यांकडे कोंबडीचा रस्सा शिजून तयार असे. तो त्यांच्या घरच्यांनाच संपवावा लागे.

दमयंतीबाई म्हणजे गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांच्या पत्नी. त्यांच्या परसात चाळीस कोंबड्या होत्या. चिंचखोप्याच्या मंडळीत जुनी रीत होती, की रविवारी कोंबडीने घातलेले अंडे देवाचे. ते उपासनेच्या वेळी वेदीपुढे ठेवायचे. मग ते गावातल्या आजाऱ्या-म्हाताऱ्यांना जाई. दर रविवारी दमयंतीबाई अंड्यांची भरली टोपली दोन्ही हातांनी धरून मधल्या वाटेने सावकाश चालत जात. इतक्या सावकाश, की शेवटच्या बाकावरच्या आंधळ्या आजीलाही कळावे, टोपली कोणाची आहे ते!

रिबकाकडे एकच तांबडी कोंबडी होती. टोपली जवळून गेली की रिबकाचा जळफळाट होई. तोंडाने ती गीत म्हणत असे, आणि मनात म्हणे, 'हिच्या चाळीस मरून दहा उरल्या तरी हिचं काय अडतंय?' मग स्वतःचीच लाज वाटून ती खाली बघे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तिचे दुःख खोटे नव्हते. तिचा नवरा शांतवन छातीच्या दुखण्यातून नुकताच उठला होता. 'औषध चालू ठेवा आणि रोज एक अंडं द्या, नाहीतर दुखणं उलटेल,' असे डॉक्टरांनी बजावले होते. तांबडी एक दिवसाआड अंडे द्यायची. बाकीच्या दिवशी काय? वेदीपुढचे अंडे आजाऱ्याला म्हणून तिला देऊ केले, तरी ते दमयंतीबाईंच्या टोपलीतले म्हणून ती घेत नसे. आणि उद्या ती खुडूक होऊन अंडी द्यायचीच थांबली तर? या काळजीने रिबकाने एक भलताच उद्योग केला. पिले काढली की कोंबड्या वाढतील, म्हणून तिने नवऱ्याच्या तोंडचे अंडे काढून साठवायला सुरुवात केली. जवळजवळ तीन आठवडे शांतवनने नुसती भाकरी खाल्ली. रविवारचे अंडे वेदीपुढे ठेवून नऊ अंडी जमली. तांबडी खुडूक होऊन त्यांवर बसलीही.

इथवर ठीक होते. पण रिबकाला धीर धरवेना. सकाळी कोंबडी उचलून बघ, दुपारी बघ, भाकरी तव्यावर टाकून बघ. अंडे कानाशी धरून हलव, उन्हापुढे धरून न्याहाळ. आठव्या दिवशी तांबडी वैतागली, टोपलीतून उठली आणि परसात उकरायला निघून गेली, ती पुन्हा बसली नाही. अंडी दिवसभर आणि रातभर गार पडली. पिले गेली, आणि खायची अंडीही गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच महाराज दारात येऊन उभे राहिले. रिबकाने सलाम केला आणि त्यांच्यापुढे टोपली ठेवून ती रडू लागली.

"महाराज, माझ्याच हातानं माती केली. आता ह्यांना काय घालू खायला?"

महाराजांनी विचारले, "समोर चाळीस कोंबड्या आहेत. दमयंतीबाईंकडे मागितलंस का एखादं अंडं?"

"त्यांच्याकडं? जीव गेला तरी न्हाई मागायची. लाज वाटती."

"मागायची लाज वाटते, आणि हेवा करायची वाटत नाही?"

रिबकाचे रडणे जागच्या जागी थांबले. मनातले हे तिने कोणालाच सांगितले नव्हते.

महाराजांनी एकेक अंडे तळहातावर घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभो, जीव तुझा आणि ऊबही तुझीच." मग उठले. "चल. उपासनेनंतर ही दमयंतीबाईंच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायची. आणि दोन गोष्टी ऐक. एकवीस दिवस तू त्या टोपलीत डोकावायचं नाहीस. आणि रोज सकाळी त्यांच्या दारात जायचं, त्यांचं नाव घेऊन देवाजवळ त्यांचं भलं मागायचं."

"आणि मनातून न्हाई आलं तर?"

"तर तोंडातून येऊ दे. मन येईल मागून."

दमयंतीबाईंनी अंडी हातात घेतली आणि खो खो हसल्या. "महाराज, ही तर माठातल्या पाण्यासारखी गार पडलीत! यातून पिलं? वास निघेल, वास!" पण महाराजांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय फजिती रिबकाची होणार, ती आपल्याच परसात बघायला मिळेल, हाही हिशेब होताच. त्यांनी अंडी आपल्या काळ्या कोंबडीखाली सारली. महाराज त्याच दुपारी पुढच्या गावी निघून गेले.

पहिल्या सकाळी रिबका साळव्यांच्या कुंपणाशी उभी राहिली. "प्रभू, दमयंतीबाईंचं भलं कर," एवढेच म्हणाली, तेही औषधाचा कडू घोट घ्यावा तसे. चौथ्या दिवशीही तसेच. दहाव्या दिवशी तिला दिसले, की दमयंतीबाई परसाचे दार लावतात, चार पावले जातात, परत येऊन कडी ओढून बघतात. असे तीनदा. मग एकेका कोंबडीची मान चाचपून बघतात. शेजारच्या गावात मानमोडीचा रोग येऊन गेला होता, त्याची त्यांना धास्ती होती. रिबकाला वाटले, अगं बाई, ही तर माझ्यासारखीच! माझी काळजी एका कोंबडीची, हिची चाळिसांची. त्या दिवशी, "प्रभू, ह्यांच्या कोंबड्या राख," हे शब्द तिच्या तोंडून आपसूक निघाले. टोपलीकडे न बघता ती घरी गेली.

तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी बायकांची प्रार्थना साळव्यांकडे होती. आमच्या मंडळ्यांत एक खोड आहे. जे तोंडावर बोलता येत नाही, ते डोळे मिटून देवाला सांगायचे. दमयंतीबाईंनी हात जोडले. "हे स्वर्गीय पित्या, आमच्या रिबका बहिणीची अंडी तू बघतोसच. त्यांचा वास गावभर सुटायच्या आत तिला अक्कल दे." बायकांनी पदर तोंडाशी धरून आमेन म्हटले.

तेवढ्यावर भागले नाही. दमयंतीबाईंनी घमेल्यात कोमट पाणी घेतले आणि नऊही अंडी त्यात सोडली. आत पिलू जिवंत असेल तर अंडे पाण्यात डुलते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. एकही अंडे हलले नाही.

"फेकून देऊ?" दमयंतीबाईंनी विचारले.

शांतवन रात्रीपासून पुन्हा खोकत होता. रिबका खाली मान घालून म्हणाली, "बाई, महाराजांनी एकवीस दिवस सांगितलेत. तेवढे ठेवा. तुमच्या पाया पडते."

"ठेवते बाई! माझं काय जातंय?"

एकवीस दिवस भरले त्या रविवारी महाराज उपासनेला परत आले. गीत संपले, आणि दमयंतीबाई अजून आल्या नव्हत्या. टोपली घेऊन सर्वांच्या आधी निघणारी बाई! दुसरे गीत चालू झाले तेव्हा त्या दारात दिसल्या. केस विस्कटलेले, हातात रिबकाची टोपली. टोपलीतून चिवचिव ऐकू येत होती.

"नऊ," त्या म्हणाल्या. "नऊच्या नऊ! माझ्या हातानं पाण्यात घातली होती मी."

मंडळी उभीच राहिली. रिबकाने टोपली घेतली, ओली, लटपटणारी पिले बघितली आणि तिचे डोळे भरून आले. तिला घरची भाकरी आठवली, नवऱ्याचा खोकला आठवला. आणि मग तिला वार आठवला. एक क्षण तिने टोपली छातीशी घट्ट धरली. नंतर मधल्या वाटेने चालत जाऊन ती वेदीपुढे ठेवली.

"रविवारची हाईत," ती म्हणाली. "देवाची."

कोणी हसले नाही. दमयंतीबाई मात्र जागच्या जागी खाली बसल्या. मग पुढे येऊन त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकावे, तो महाराज बाजूला सरले. "माझ्यापुढे नाही, बाई. तिकडे." दमयंतीबाईंनी वेदीपुढे गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावले. प्रार्थनेत कधी शब्द कमी न पडणाऱ्या त्या बाईला शब्द सापडेनात.

"प्रभू," त्या शेवटी म्हणाल्या, "चाळीस कोंबड्या असून मी हिच्या चटणी-भाकरीचा हेवा केला. महाराज हिच्याच घरी जेवतात म्हणून."

रिबका त्यांच्या शेजारी टेकली. "आणि मी तुमच्या टोपलीचा," ती हळूच म्हणाली.

महाराज म्हणाले, "देवाची पिलं राखायला कोणीतरी लागेलच. ती रिबकाच राखेल. रविवारचं अंडं तेवढं देवाला द्यायचं." मंडळीने आमेन म्हटले. या वेळी पदर तोंडाशी नव्हते.

त्या दुपारी महाराज दमयंतीबाईंकडे जेवले. रस्सा त्यांनी दोनदा मागून घेतला.

आणि सोमवारी सकाळी रिबकाने दार उघडले, तर दमयंतीबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. हातात एक अंडे होते, उकडलेले, अजून गरम.

"शांतवनला दे," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या आणीन."