वेलीची उतरण

"वर चढलेल्या वेलीला आपण दरवर्षी खाली का आणतो?"

राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक पानमळा होता. तिथल्या धाकट्या मुलाचा हा प्रश्न. आई म्हणायची, "वाडवडील करत आले म्हणून." थोरला भाऊ हसायचा, "हात लाव, मग कळेल." पण उतरणीचे दिवस आले, की धाकटा ओढ्यात डुंबायला पसार!

पुढे घाटापलीकडे लढाई पेटली. व्यापाऱ्यांचे बैल येईनासे झाले. भाकरीचीच भ्रांत, तिथे विडा कोण खाणार? पानं टोपल्यांतच कुजली. अखेर थोरल्याने घरात धान्य यावं म्हणून मळा शेजारगावच्या पाटलीणबाईंना देऊन टाकला. त्या दुःखाने तो खचला आणि थोड्याच दिवसांत तापाने गेला.

मळा सोडायच्या आदल्या दिवशी धाकटा विळा घेऊन धावला.

"माझ्या दादाच्या वेली दुसऱ्याला? एकही ठेवत नाही!"

"भावजी," वहिनी मागून म्हणाली, "पायताण तरी काढा. मळा गेला, रीत नाही गेली."

पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नसे. त्याने रागारागात वहाणा भिरकावल्या आणि पहिल्या वेलीवर विळा उगारला.

ओल्या मातीतून एक बेडूक म्हणाला, "काप की! पण सुरू कुठून होते ती, ते तरी बघितलंस का?"

"त्यात काय बघायचं?" धाकटा खेकसला. पण आता बघितल्यावाचून राहवेना. त्याने माती उकरली. खाली वेलीचं एक वेटोळं निघालं, त्याखाली दुसरं, त्याखाली आणखी एक. दरवर्षी उतरवून मातीत निजवलेली वेल! आणि तिच्या पेरापेराला नवी मुळं फुटलेली.

सगळ्यात वरचं वेटोळं गेल्या वर्षीचं होतं. थोरल्याच्या हातचं.

विळा गळून पडला. मातीतच बसून तो ढसाढसा रडला. मग उठला आणि आधाराच्या शेवरीच्या झाडांवरून एकेक वेल अलगद उतरवून मातीत निजवू लागला.

"अरे, आता हा मळा दुसऱ्याचा!" आई म्हणाली.

"वेलीला कुठं ठाऊक आहे, आई?"

आईने पदर खोचला. वहिनीही आली आणि वेलींचे वाढलेले शेंडे छाटू लागली.

सकाळी पाटलीणबाई ताबा घ्यायला आल्या, तो सगळा मळा उतरलेला!

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. का उतरवतात, ते बघायचं होतं."

पाटलीणबाईंनी छाटलेल्या शेंड्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "छाटलेले शेंडे उतरवणाऱ्याचे, अशी रीत आहे. घेऊन जा, बाळा."

ते शेंडे ओल्या फडक्यात गुंडाळून तिघं आणि थोरल्याची तान्ही लेक दूरच्या गावी गेली. तिथे ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात त्यांनी ते लावले. वेली पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या.

धाकटा म्हातारा झाला. त्याच्या शेवटच्या उतरणीला थोरल्याच्या नातवाने विचारलं, "आजोबा, वेल खाली का आणायची?"

 म्हाताऱ्याने पोराचा हात धरला आणि वेलीच्या बुडाशी, मातीत खोल घातला.

तात्पर्य: हातून गेलेल्यावर विळा चालवू नये; खाली यावं लागलं, तर जिथे माती लागेल तिथे मूळ धरावं.