पुढची चाकं

"पण डबल केबिनच का हवी तुला?" सुलेमान वस्तादांनी विचारलं.

लहानू पिकअपच्या खाली उताणा पडून चासी बघत होता. तिथूनच त्यानं सांगितलं, की आजारी माणसाला मागच्या सीटवर आडवं करता येतं, घरचं एखादं माणूस त्याच्या पायाशी बसतं, सामान मागं हौद्यात जातं.

"आणि फोर-व्हील?"

"आमचा चढ तुम्हाला ठाऊक आहे, वस्ताद."

वस्तादांना ठाऊक होता.

ही चौथी गाडी, एका रोपवाटिकेच्या आवारात उभी. आधीच्या तीन वस्तादांनीच शोधून दिल्या होत्या आणि तिन्ही लहानूनं परत धाडल्या. एकीचा धूर त्याला आवडला नाही. दुसरीचे स्प्रिंगचे पाटे बसलेले वाटले. तिसरीत बोट ठेवायला जागा सापडेना, तेव्हा म्हणाला, हिचा आवाज खरा नाही.

वस्तादांचं गॅरेज घाटाच्या पायथ्याला, नाक्यावर. लहानू तिथं सतराव्या वर्षी आला आणि अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली राहिला. त्यांनी दिलं तेवढं सगळं शिकून घेतलं आणि जाताना थोडा ताठाही बरोबर घेऊन गेला. गाडी वळणाआड असतानाच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. फार वेळा चुकलाही नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याची बायको गेली. ठकूबाई.

भरदुपारी तिच्या छातीत कळ आली. लहानूकडं तेव्हा अशीच एक जुनी फोर-व्हील पिकअप होती, दोनच दारांची, नुकतीच घेतलेली. वाडीपासून सडकेपर्यंत दोन मैल मातीचा रस्ता. मधल्या चढावर गाडी चिखलात बसली ती बसलीच. वाडीतली माणसं डोली घेऊन पोचेस्तोवर...

गाडीनं दगा दिला, पुढून ओढलंच नाही तिनं, असं लहानूनं सगळ्यांना सांगितलं. तेरावं झाल्यावर ती गाडी भंगारात घातली. त्या दिवसापासून त्यानं कुठल्याच स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आता पाऊस पुन्हा महिन्यावर आला होता. लहानूची पुतणी पहिल्या बाळंतपणाला वाडीत आली होती, आणि तिचे दिवस ऐन आषाढात भरत होते. वाडीत दुसरी गाडी नाही, चालवणारा दुसरा माणूसही नाही. सकाळी एसटीत बसवताना वाडीनं त्याला बजावलं होतं, की आज गाडीतूनच परत यायचं.

गाडीचे मालक मालुंजकर रोपवाटिका चालवत. अठरा वर्षं त्यांनी हीच गाडी वापरली होती. दोनदा चहा पाजून झाला तरी लहानू खालून निघेना, तेव्हा ते म्हणाले, आमच्यात मुलगी बघायला येतात तेसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत.

वस्ताद हसले. लहानू हसला नाही.

तो बाहेर आला, कपडे झटकले, हात पुसले. पुढचा डावा पाटा बदललेला आहे म्हणाला, इंजिन बरं आहे म्हणाला, चासीला गंज नाही म्हणाला.

"पण घेऊ नये," तो म्हणाला.

"का?"

"फोर-व्हीलचा भरवसा नसतो. उभी असताना सगळं चांगलं दिसतं आणि वेळेला पुढून ओढत नाही."

"मग ओढते का ते बघू. बस."

"तुम्ही चालवा, वस्ताद."

"माझे गुडघे गेलेत रे. क्लच दाबवत नाही."

लहानू कितीतरी वेळ दाराशी उभा राहिला. मग बसला. वस्ताद शेजारी बसले.

रोपवाटिकेच्या मागं टाकीचं पाणी सांडून सांडून दलदल झाली होती. वस्तादांनी तिकडं बोट दाखवलं. लहानूनं गाडी आत घातली. पाच-सात हात गेली आणि रुतली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. त्यानं फोर-व्हीलचा दांडा ओढला, रेस दिली. चिखल मागच्या काचेपर्यंत उडाला. पुढची चाकं काही हलली नाहीत.

लहानूनं पाय उचलला.

"बघा. हीपण तसलीच."

हे म्हणताना त्याचा आवाज मोकळा झाला. सकाळपासून पहिल्यांदाच. वस्तादांच्या कानाला ते कळलं.

त्यांनी दार उघडलं, पायजमा वर खोचला आणि चिखलात उतरले. पिंडऱ्यांपर्यंत पाय बुडाले. गाडीला धरून धरून पुढच्या चाकापाशी गेले आणि गेलेल्या गुडघ्यांवर खाली बसले.

जुन्या फोर-व्हील गाडीत आतला दांडा ओढून भागत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एकेक खटका असतो. खाली उतरून तो हातानं फिरवावा लागतो, तेव्हा इंजिनाचा जोर त्या चाकांत येतो. नाहीतर पुढची चाकं नुसती बरोबर चालतात, ओढत नाहीत. हे नवख्याला ठाऊक नसतं. लहानूनं नाक्यावरच्या कितीतरी जणांना ते शिकवलं होतं.

वस्तादांनी एक खटका फिरवला. उठले, गाडीला वळसा घालून दुसरीकडं गेले, पुन्हा बसले, दुसरा फिरवला. घाई अशी त्यांनी मुळीच केली नाही. लहानू काचेतून त्यांची पांढरी टोपी खाली जाताना आणि वर येताना बघत होता.

ते येऊन शेजारी बसले.

"घाल गिअर."

म्हैस डबक्यातून उठावी तशी गाडी उठली आणि बांधावर येऊन उभी राहिली.

लहानूनं समोरून नजर हलवली नाही. इंजिन चालूच होतं.

"विसरला होतास?" वस्तादांनी विचारलं.

"नाही. दांडा ओढला तेव्हाच आठवलं होतं, वस्ताद. त्या दिवशीही. खाली उतरायचं, दोन खटके फिरवायचे. दोन मिनिटांचं काम."

"मग?"

"तिनं माझी बाही धरली होती."

पुढचं त्यानं तुटक तुटक सांगितलं. ठकूबाई शेजारीच बसली होती. दोन्ही हातांनी त्याची डावी बाही धरून, कुठं जाऊ नका म्हणत होती. त्याला वाटलं, एक रेस देऊ, निघेल. मग वाटलं, अजून एक देऊ. बाही सोडवून घ्यायचं त्याच्यानं झालं नाही. नंतर हात आपोआप सुटला, आणि तेव्हा खाली उतरायला काही कारणच उरलं नव्हतं.

वस्तादांनी वळून मागच्या रिकाम्या सीटकडं पाहिलं. तिथून ड्रायव्हरच्या बाहीपर्यंत कुणाचा हात पोचत नाही.

"गाडीत खोट नव्हती," लहानू म्हणाला. "तुम्ही दाखवलेल्या त्या तिघींतही नव्हती."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुझ्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल भंगारवाल्याकडून मीच आणला. चांगला होता. दुसऱ्या एका गाडीखाली अजून चालतोय."

"वर्ष झालं... बोलला नाहीत ते?"

वस्ताद बोटांवरचा चिखल निपटून काढत राहिले.

"मी उतरायला हवं होतं का, वस्ताद?"

कुठूनतरी रोपांना पाणी घातल्याचा आवाज येत होता. वस्तादांनी हात पुसला आणि तोच ओला हात लहानूच्या बाहीवर ठेवला. थोडा वेळ राहू दिला. मग उचलून घेतला.

"चल," ते म्हणाले. "सडकेवर घे."

मालुंजकर तिसरा चहा घेऊन उभे होते. लहानूनं काच खाली करून सांगितलं, की गाडी घेतो. ते काय म्हणाले ते त्याला ऐकू आलं नाही. त्याचे डोळे भरून आले होते आणि फाटकाचे दोन्ही खांब सांभाळायचे होते.

गाडी डांबरावर लागली. पहिल्याच वळणाला स्टिअरिंग जड झालं आणि खालून कुणीतरी गाडीला धरून ठेवावं तसा हिसका बसला. दुसऱ्या वळणाला पुन्हा बसला. लहानूच्या कानानं काय ते ओळखलं होतं: दांडा आणि खटके अजून लागलेलेच होते, आणि जोडलेली पुढची चाकं कोरड्या डांबरावर गाडीला नीट वळू देत नाहीत. तरीही त्याचा पाय ब्रेकवर जाईना.

फर्लांगभर गाडी तशीच गेली.

"थांबव," वस्ताद म्हणाले.

लहानूनं गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच ठेवले.

"सडक लागली, लहानू. उतर. चाकं सोडायलाही उतरावंच लागतं."