मारुतीरायांची पावलं कोरडी होती

सद्गुरु श्रीसहजनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी कातळगावी, नदीकाठच्या धर्मशाळेत होता. पलीकडे जायला भिवा भोयाची होडी, दुसरं साधन नाही. नदी रुंदीला बेताची, पण मोठी खट्याळ! खाली वळणाआड तिच्या पात्रात काळ्या खडकांची रांग होती आणि धार होडीला तिकडेच ओढी. पाणी कमी असलं की खडक डोकी वर काढून असत, ते चुकवता येत. पाणी चढलं की तेच खडक आत दडत आणि होडी फोडत. काठावरून ते दिसत नसत, म्हणून गावानं खूण धरली होती. काठावर दगडी मारुतीराय उभे होते. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं की होडी बांधायची. बापजाद्यांची ही रीत सगळे पाळत.

गावचे खोत विसाजीपंत यांनी त्या उन्हाळ्यात मारुतीरायांना छातीएवढ्या नव्या ओट्यावर चढवलं. "माझ्या गावचा देव चिखलात उभा राहतो म्हणजे काय!" असं म्हणून त्यांनी ढोलताशे लावले, गावजेवण घातलं. खूण मात्र जुनीच राहिली. देव वर गेला तसे त्याचे गुडघेही वर गेले, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. भिवाच्याही नाही, खोटं कशाला सांगा!

श्रावण सरत आला होता. भिवा रोजच्यासारखा सकाळी दर्शनाला गेला, तेव्हा महाराज म्हणाले, "भिवा, आज होडी सोडू नकोस हो." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि भिवानं विचारलंही नाही. "जी महाराज," म्हणून तो काठावर येऊन बसला.

तोच पंत आले. मागे त्यांची लेक दुर्गा, कडेवर तिचं तान्हं बाळ. तिची सासरी पाठवणी होती आणि मुहूर्त जवळ आला होता.

"भिवा, काढ होडी."

भिवा हात जोडून उभा राहिला. "पंत, आज नको. महाराजांनी नाही म्हटलंय."

पंत मोठ्यानं हसले. "अरे, डोळे आहेत ना तुला? मारुतीची पावलंसुद्धा कोरडी आहेत! धर्मशाळेत बसून भाकरी खाणाऱ्या बुवाला नदी कळते होय? की म्हातारपणी तूच भित्रा झालास?"

काठावर जमलेली माणसं फिदीफिदी हसली. भिवाचे कान तापले. पावलं कोरडी होती, हे तर त्यालाही दिसत होतं! तो एवढंच म्हणाला, "मला कळत नाही पंत, पण माझ्या हातून होडी सुटायची नाही."

"तर मग उद्यापासून या उतारावर तुझी होडी चालायची नाही," पंत गरजले. त्यांनी लेकीला होडीत बसवलं, स्वतः वल्हं हातात घेतलं आणि होडी लोटली. तरुणपणी त्यांनी होडी वल्हवली होती, त्याची घमेंड होतीच.

अर्ध्या पात्रापर्यंत सगळं ठीक चाललं. मग धारेनं होडीचं तोंड फिरवलं. पंतांनी वल्हं जोरानं रोवलं, ते मोडलं, आणि होडी वळणाकडे धावत सुटली! दुर्गेची किंकाळी काठावर ऐकू आली. हसणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिवा धर्मशाळेकडे धावला, पण महाराज वाटेतच भेटले. त्यांच्या खांद्यावर नाडाचं, जाड दोराचं, वेटोळं होतं.

"महाराज, पोर आहे हो होडीत!" भिवाला रडू फुटलं. "आता मी काय करू?"

"होडी सोडू नको म्हटलं होतं. उडी मारू नको असं कुठं म्हटलं?" महाराज म्हणाले. "नाड कमरेला बांध. दुसरं टोक माझ्या हाती आहे."

ऐंशी वर्षांचा तो देह, हाताच्या नुसत्या काड्या! पण भिवानं मागं वळून पाहिलं नाही. महाराज मागोमाग, असा तो काठानं वळणाशी धावला आणि त्यानं पाण्यात झेप घेतली. पाण्यानं त्याला दोनदा खाली दाबलं, नाका-तोंडात गाळ गेला, गुडघा खडकावर फुटला. होडी एका बुडालेल्या खडकावर तिरकी अडकली होती आणि फळ्या करकरत होत्या. दुर्गेनं बाळ डोक्यावर धरलं होतं. पंत होडीची कड कवटाळून बसले होते, ओठ पांढरेफटक. भिवा होडीत चढला आणि त्यानं कमरेचा नाड सोडून होडीच्या कडीला बांधला. तेवढ्यात होडी खडकावरून निसटली!

काठावर मागोमाग धावत आलेले पाचसहा गडी नाडावर तुटून पडले. एका हिसक्यासरशी सगळे चिखलात लोळले. भिवानं ते पाहिलं आणि डोळे मिटले. पण होडी जागच्या जागी थांबली. त्यानं डोळे उघडले तर महाराज एकटेच उभे होते. एका हातात नाड, दुसऱ्या हातात जपमाळ, आणि ओठ हलत होते. काय सांगावी ती शक्ती! उसळत्या धारेतून होडी हळूहळू उलटी येऊ लागली, जशी संध्याकाळी गाय दाव्याला यावी.

होडी काठाला लागली. दुर्गेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती मटकन खाली बसली. महाराजांनी पंतांना दंडाला धरून ओट्यापाशी नेलं आणि म्हणाले, "पंत, मारुतीराय पूर्वी कुठं उभे होते, दाखवा बरं."

पंतांनी ओट्याच्या पायथ्याकडे बोट दाखवलं. ती जागा पाण्याखाली गेली होती. मारुतीराय तिथं असते तर पाणी कधीच त्यांच्या गुडघ्यांवर चढलं असतं! आपल्याच हातानं आपण गावाची खूण पुसली, हे पंतांना कळलं आणि ते ओक्साबोक्शी रडू लागले. "महाराज, मी नातवाचा जीव घेत होतो!" असं म्हणत ते पायांवर कोसळले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "मी नुसता नाड धरला. तुम्ही ज्याला भित्रा म्हटलंत, तो कोरडी पावलं बघूनसुद्धा माझ्या शब्दावर बसून राहिला आणि तुमच्या नातवासाठी पाण्यात शिरला. नमस्कार तिकडे करा."

भिवा कपाळाचा गाळ पुसत होता. पंत त्याच्याकडे वळलेले पाहून तो दचकला. "अहो पंत, हे काय! नको, नको!" तो मागे सरू लागला. पण विसाजीपंतांनी डोक्याचं भिजलेलं पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि सगळ्या गावादेखत भिवा भोयाच्या रक्ताळलेल्या, चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं.