मेलिताचे मौन

रोमच्या साम्राज्यात, समुद्रकाठच्या एका गावात मेलिता नावाची बाई राहत होती. तिचा नवरा सिल्वान जहाजांची शिडे शिवायचा. दोघेही ख्रिस्ती होते. गावात ख्रिस्ती घरे मोजकीच, आठ-दहा. शेजारी फिलोन नावाचा पुजारी राहायचा. गावच्या देवळात सम्राटाची संगमरवरी मूर्ती होती आणि तिला रोज धूप घालणे हे फिलोनचे काम होते.

एके वर्षी सम्राटाने फर्मान काढले. प्रत्येकाने मूर्तीपुढे धूप घालावा आणि जो घालणार नाही, त्याला खाणीत धाडावे.

फिलोन धावतच शेजारी आला. म्हणाला, “सिल्वान, तुला धूप घालायचा नसेल तर घालू नकोस. तू घातलास, असं मी शिपायांना सांगतो. माझ्या शब्दावर ते विश्वास ठेवतील.”

सिल्वान म्हणाला, “फिलोनबाबा, तुमचे उपकार विसरणार नाही. पण मला कोणी विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.”

दोनच दिवसांत शिपायांनी विचारले. सिल्वानने खरे सांगितले. त्याला साखळदंड घालून तांब्याच्या खाणीवर नेले. तिसऱ्या महिन्यात तो तिथेच मेला. घरी आली ती नुसती बातमी.

आता शिपाई मेलिताला शोधू लागले. तिच्या कडेवर सहा महिन्यांची लेक होती. फिलोनने दोघींना देवळामागच्या कोठीत लपवले. एक-दोन दिवस नव्हे, सात महिने. सापडला असता तर त्याची मान उडाली असती. मूर्तीपुढचा नैवेद्य मेलिता खाणार नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून तो रोज ताट पुढे करताना सांगायचा, “पोरी, हे देवळातलं नाही. घरी रांधलंय. खा.”

मग तो सम्राट मेला. त्याच्यामागून दुसरे आले आणि गेले. शेवटी जो गादीवर बसला, त्याने स्वतःच क्रूस हाती घेतला. वाऱ्याची दिशा फिरली. ज्यांनी रांगेत उभे राहून धूप घातला होता, तेही चर्चमध्ये पुढे जागा धरू लागले. पंचवीस वर्षांत गावाचे गाव ख्रिस्ती झाले.

मेलिताला आता मोठा मान होता. ती हुतात्म्याची पत्नी. लोक तिच्या वस्त्राला हात लावून डोळ्यांना लावत. त्या सात महिन्यांबद्दल मात्र तिने कोणाला कधी सांगितले नाही. आधी ती फिलोनच्या जिवासाठी गप्प राहिली. पुढे गप्प राहण्याची सवय झाली. आणि मान मिळू लागला, तसे ‘मी मूर्तीच्या छपराखाली लपले होते’ हे सांगणे तिला जड जाऊ लागले.

एका हिवाळ्यात जमावाने ती मूर्ती फोडली. फिलोन तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. गुडघे धरले होते. त्याला ओढत चर्चच्या अंगणात आणले. मंडळीचा प्रमुख म्हणाला, “याने जन्मभर त्या सम्राटाला धूप घातला. त्या सम्राटाने आपली माणसं मारली. याने आज सर्वांसमक्ष आपला ख्रिस्ती धर्म कबूल करावा, नाहीतर गावाबाहेर चालतं व्हावं. याच्या बाजूने कोणाला काही बोलायचं आहे?”

गर्दीतून कोणीतरी म्हणाले, “मेलिताबाईंना विचारा. नवरा त्यांचा गेला.”

सगळ्यांच्या नजरा मेलिताकडे वळल्या. तिचा एक शब्द पुरे होता. फिलोननेही तिच्याकडे पाहिले. तो स्वतः सगळे सांगू शकला असता. पण तो एवढेच म्हणाला, “मी धूप घातला, हे खरं आहे. जिवाच्या भीतीने आता दुसरं काही कबूल करायचं वय माझं राहिलं नाही.”

मेलिताने मान खाली घातली. लोकांनी तिचा होकार धरला. म्हाताऱ्याला वेशीबाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उजाडताच मेलिता घोंगडे आणि गरम पेज घेऊन वेशीबाहेरच्या वाटेने निघाली. कोस-दीड कोसावर मेंढपाळाची एक झोपडी होती. दारात मेंढपाळ उभा होता. आत फिलोन निजलेला होता. अंग गार पडले होते.

मेंढपाळ म्हणाला, “फार कुडकुडत आला हो. मी विचारलं, गावात तुमचं कोणी नाही का? तर म्हणाला, एक लेक आहे. तिला हाक मारली असती, तर लोकांनी तिलाही धरलं असतं.”

मेलिता तिथून थेट चर्चमध्ये गेली. प्रार्थना चालू होती. ती मध्ये उभी राहिली आणि तिने सगळे सांगितले. कोठी, सात महिने, घरून आणलेले ताट. मग म्हणाली, “सिल्वानने खरं सांगून जीव दिला. माझा तर जीवही जाणार नव्हता. तरी माझ्याच्याने खरं बोलवलं नाही.”

एक म्हातारा खलाशी पुटपुटला, “पण बाई, तो सम्राटाचा पुजारी होता.”

“सम्राट मेला,” मेलिता म्हणाली. “पण ‘कबूल कर, नाहीतर चालता हो’ हे बोलणं त्याचंच होतं. काल ते आपण बोललो. आणि मी ऐकून घेतलं.”

काही जण उठून निघून गेले. प्रमुख खाली बघत राहिला.

फिलोनला माती द्यायला चौघेच आले. थंडीने जमीन दगडासारखी झाली होती. खड्डा खणायला दुपार उलटली. सगळे गेल्यावर मेलिता मागे थांबली. तिला क्षमा मागायची होती. पण ज्याच्याजवळ मागायची, तो आता ऐकणार नव्हता.

तात्पर्य: छळ सोसलेलेच छळ करू लागले, तर छळणारा मरूनही जिंकतो, आणि उपकार करणाऱ्यासाठी वेळेवर न बोललेला शब्द पुढे कितीही रडून बोलला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.